टीव्हीशिवाय पावसाची खबर : दहीपुलाजवळच्या दुकानासाठी केलेल्या उद्योगाच्या नोंदी

पोरीच्या दहावीच्या वर्षी टीव्ही भिंतीवरून उतरवला. दहावी झाली, बारावीही झाली, टीव्ही काही परत चढला नाही. आईची पहिले सहा महिने कुरकुर होती, आता तीही नाही. अडचण होते ती पावसाळ्यात. आम्ही नाशिकच्या सिडकोत पवननगरला राहतो, आमच्या घरात पाणी शिरत नाही. पण मामांचं पूजासाहित्याचं दुकान दहीपुलाजवळ आहे, आणि मामी गेल्यापासून ते दुकानावरच्या माडीवर एकटेच असतात. टीव्ही त्यांच्याकडेही नाही, त्यांना तो कधीच नको होता. मागच्या पावसाळ्यात रात्री दुकानात पाणी शिरलं. मला फोन आला सकाळी सातला. साडेनऊ हजारांच्या उदबत्त्या, वाती आणि आसनं घंटागाडीत टाकली.

यंदा मेपासूनच मागे लागलो. काय केलं, काय फसलं आणि किती पैसे गेले ते इथे टिपून ठेवतोय. जुन्या नाशकात खालच्या गल्लीत ज्यांचं दुकान आहे, त्यांना कामाला येईल.

११ मे

काही विकत घेण्याआधी घड्याळ लावून बसलो. मामा आणि कामावरचा मुलगा, दोघांनी खालच्या तीन फळ्यांवरचा माल माडीवर न्यायचा. पहिल्या खेपेला एक तास दहा मिनिटं लागली, कारण जिन्यात धान्याची रिकामी कोठी आडवी होती. कोठी हलवली, पुन्हा मोजलं. पाऊण तास. रात्री मामा एकटे असतात, तेव्हा दीड तास धरायचा.

म्हणजे नाशिकला पाऊस पडणार आहे की नाही, हा माझा प्रश्नच नाही. गल्लीत पाणी येण्याच्या पाऊण तास आधी मामांना कळलं पाहिजे, एवढंच. पुढे जे जे घेतलं ते या आकड्यावर तोललं. आधी मोजलं नसतं तर भलतंच घेऊन बसलो असतो. तरी थोडं भलतं घेतलंच.

१४ मे

रेडिओ आणला, ४५० रुपये. छोटा, चार्जिंगचा, फक्त एफएम. पवननगरला आकाशवाणी नाशिक १०१.४ वर खणखणीत लागतं. मामांच्या माडीवर मात्र नुसती खरखर. वाड्याच्या भिंती हातभर जाडीच्या, त्यात समोर नवी चार मजली इमारत. शिवाय बॅटरी अडीच तासांत बसली. वीज जाते तेव्हाच रेडिओ हवा असतो आणि तेव्हाच हा चार्जिंग मागणार. ४५० रुपये पाण्यात. आता तो आईच्या स्वयंपाकघरात भक्तिगीतं ऐकवतो.

१८ मे

दुसरा रेडिओ, १,२५० रुपये. एफएम आणि मीडियम वेव्ह दोन्ही, दोन मोठ्या सेलवर चालणारा. दुकानदार म्हणाला, "हे आता कोण घेतं, काका?" मला काका म्हणण्याइतका तो लहान नव्हता.

माडीवर खरखर तशीच, म्हणून वायरची अँटेना केली. स्पीकरची दुहेरी वायर घ्यायची, टोकाकडून उभी फाडायची आणि दोन्ही फाटे आडवे ताणून टी आकार करायचा. एक वायर रेडिओच्या दांडीला, दुसरी सेलच्या निगेटिव्ह स्प्रिंगला. मापाचा हिशेब सोपा आहे. ३०० ला १०१.४ ने भागलं की लहरीची लांबी २.९६ मीटर येते, आणि प्रत्येक फाटा तिच्या पाव हिश्शाचा, म्हणजे ७४ सेंटिमीटर. मी मात्र अर्धी लांबी काढली आणि दोन्ही फाटे १४८ चे कापले. आवाज होता त्याहून वाईट. आख्खा रविवार भिंतीवर खिळे ठोकत जागा बदलत राहिलो. संध्याकाळी पोरगी आली, कागद बघितला आणि म्हणाली, "बाबा, दोन्ही मिळून १४८." कापली. लागलं. वायरचे ६० रुपये, चिमट्याचे १०.

सकाळच्या प्रादेशिक बातम्या मामा आता नेमाने ऐकतात. दिवस कसा जाईल याचा अंदाज येतो. पाऊण तासाचं काम मात्र त्या करू शकत नाहीत, आणि तशी अपेक्षाही चूक आहे.

२० मे

मीडियम वेव्हवर मुंबई लागते का पाहिलं. सगळ्या पट्टीवर घूंऽऽ असा आवाज. तासभर रेडिओला दोष दिला. मग बायकोने जिन्यातला एलईडी बल्ब बंद केला आणि घूं गायब. स्वस्त बल्बच्या आतलं सर्किट हा गोंधळ घालतं. एफएमला त्याचा त्रास जाणवत नाही, मीडियम वेव्हला फार. बल्ब बदलला, १२० रुपये.

याच पट्टीचा एक उपयोग नंतर सापडला. कुठलंच स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवला की लांबची वीज कडाडली तरी रेडिओत 'कडाक्' ऐकू येतं, आभाळात काही दिसायच्या आधी. वळवाच्या दिवसांत मामा दुपारी चारला रेडिओ असा मोकळ्या जागी लावून बसतात. आवाज दाटले की दारातल्या टोपल्या आत. हवामानाच्या सगळ्या साधनांमध्ये त्यांचं आवडतं हेच.

२६ मे

आता फोन. माझ्या, आईच्या आणि मामांच्या फोनवर तीन गोष्टी केल्या.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत' हे इशाऱ्यांचं अ‍ॅप घेतलं, त्यात जिल्हा नाशिक आणि भाषा मराठी. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप घेतलं. आपल्याभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या टप्प्यात वीज पडते आहे का ते त्यावर दिसतं. तिसरी गोष्ट फोनच्या सेटिंगमधली, आणीबाणीच्या सूचना. २०२३ मध्ये चाचणीचे संदेश आले तेव्हा फोन एकदम किंचाळले होते, आठवत असेल. तो प्रकार मोबाइल टॉवरवरून थेट येतो, नेट लागत नाही. आईच्या फोनवर तो पर्याय बंद होता. तिनेच केला असणार, त्या किंचाळण्याला घाबरून. चालू केला आणि तिला शपथ घातली.

तिन्ही फोनवर बसवलं आणि निवांत झालो. इथे चुकलो. आठवड्याने पाहिलं तर मामांच्या फोनवर एकही सूचना आली नव्हती. बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली फोन मागचे अ‍ॅप झोपवत होता. प्रत्येक अ‍ॅपला बॅटरीच्या बंधनातून वेगळं मोकळं करावं लागतं. बसवल्यावर पहिली सूचना खरंच वाजेपर्यंत काम झालं असं धरू नका.

३ जून

"नाशिकला ऑरेंज अलर्ट." मी मामांना फोन केला, त्यांनी सगळा माल वर नेला. शहरात आठ थेंब पडले. माल खाली आणताना मामा काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

संध्याकाळी इशारा नीट वाचला. हवामान खातं नाशिक आणि नाशिकचा घाटमाथा असे दोन वेगळे इशारे देतं. केशरी होता तो घाटमाथ्याला, म्हणजे इगतपुरी-त्र्यंबककडच्या पट्ट्याला. शहराच्या बाजूला पिवळा होता. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. मी रंग वाचला, जागा वाचली नाही.

माडीच्या दाराला पुठ्ठा लावला. त्यावर लिहिलं : घाटमाथा केशरी, जिना मोकळा करायचा. शहर केशरी, सर्वांत खालची फळी वर. शहर लाल, तिन्ही फळ्या.

१२ जून

आजचा दिवस पूर्ण वाया, आणि चूक माझी.

शहराला पिवळा इशारा. शहराच्या वर गोदावरीवर असलेलं गंगापूर धरण अर्धंसुद्धा भरलेलं नाही, विसर्गाचा प्रश्नच नाही. म्हणून मी निर्धास्त. दुपारी साडेतीनला शहरावर ढग फुटल्यासारखा कोसळला, चाळीसेक मिनिटं. चार वाजता दहीपुलावर गुडघाभर पाणी. मामांनी आणि मुलाने दोन फळ्या वाचवल्या, खालची गेली. २,३०० रुपयांचा माल. नदी तेव्हा शांत होती!

रात्री मामांसमोर बसलो. ते म्हणाले, "अरे, तू सारखा गंगेकडे बघतोस. हे पाणी गंगेचं नाही, नाल्याचं आहे." नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात. गावातला सरस्वती नाला या भागाखालून जातो. वरच्या वस्त्यांचं पाणी एकदम आलं की तो पोटात मावत नाही आणि दहीपूल, सराफ बाजार या खोलगट भागात वर येतो. म्हणजे मामांच्या दुकानात पाणी येण्याच्या वाटा दोन. एक नदीची, धरणाच्या विसर्गाची, ती तासांच्या हिशेबाने येते. दुसरी नाल्याची, ती मिनिटांच्या. मी महिनाभर फक्त पहिलीचा बंदोबस्त करत होतो. मामांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी विचारलंच नव्हतं.

दुसरीही गोष्ट ध्यानात आली. हवामान खात्याच्या भाषेत 'जोरदार पाऊस' म्हणजे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर. चाळीस मिलिमीटर दिवसभर रिमझिम पडला तर दहीपुलाला पत्ताही लागत नाही, तोच पाऊण तासात पडला तर दुकान बुडतं. दोन्ही दिवस तक्त्यात सारखेच दिसतात. तेव्हा रंगाबरोबर पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज, नाऊकास्ट, पाहायला लागलो. त्यात दिवसाच्या अंदाजापेक्षा कमी पुढचं दिसतं, पण नाल्याच्या पाण्यासाठी तोच कामाचा.

१५ जून

नाल्यासाठी पाऊण तास आधी कळणं अवघड, हे मान्य केलं. मग जेवढं मिळेल तेवढं. गच्चीवरची टाकी भरली की वाजतो तो अलार्म आणला, १८० रुपये. त्याच्या दोन उघड्या तारा दुकानाच्या बाहेरच्या पायरीवर, पेटी माडीवर मामांच्या उशाशी. पाणी तारांना लागलं की वाजणार.

१६ ते २२ जून

सात दिवसांत अकरा वेळा वाजला. पाणी एकदाही आलं नव्हतं.

पहिल्या चार वेळा सकाळी कामावरच्या मुलाने पायरी धुतली म्हणून. मग तारा वर घेतल्या, तर दोन तारांमध्ये ओला चिखल अडकून वाजला. एकदा गायीने चाटलं, असं मुलाचं म्हणणं आहे. मी पाहिलेलं नाही. आणि १९ तारखेच्या रात्री पाऊस जोरात होता, तेव्हा वाजायला हवा होता की नाही ते कळलंच नाही, कारण वीज गेली होती आणि पेटी भिंतीतल्या प्लगवर होती. हे मला आधी सुचायला हवं होतं.

शेवटी असं केलं. तारा पायरीपासून वीतभर वर, एकमेकींपासून चार बोटं लांब. त्यांच्यावर प्लॅस्टिकचा जुना मग पालथा ठोकला, त्याला खालून पाणी शिरायला आणि वरून हवा जायला भोकं. हवेचं भोक विसरलात तर मगात हवा कोंडते आणि पाणी तारांपर्यंत चढतच नाही. बादलीत बुडवून पाहिलं म्हणून कळलं. पेटी ९ व्होल्टच्या सेलवर घेतली, ती जोडणी गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनने १०० रुपयांत करून दिली. तेव्हापासून खोटं वाजलेलं नाही.

२९ जून

पर्जन्यमापक. नरसाळ्याचा व्यास २० सेंटिमीटर, खाली बाटली. तोंडाचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर, म्हणून १ मिलिमीटर पाऊस म्हणजे ३१.४ मिलिलिटर पाणी. आई खोकल्याच्या औषधाच्या मापाने मोजायला बसली. मोठ्या पावसात माप पुरेना म्हणून पोरीच्या कॉलेजमधून बाद झालेलं मोजपात्र आलं.

आधी गच्चीच्या कठड्याला टेकवून ठेवलं होतं. वारा त्या बाजूने असला की पाऊस कठडाच अडवायचा. मधोमध चार विटांवर ठेवलं, आकडे सुधारले. पण खरी गोची वेगळीच. पवननगर ते दहीपूल अंतर पाच-सहा किलोमीटर, आणि वळवाचा पाऊस एका पेठेत पडतो, दुसरीत नाही. सिडकोत ३ मिलिमीटर, मामांकडे १९. म्हणून दुसरं नरसाळं मामांच्या गच्चीवर. ८० रुपये प्रत्येकी.

मामांचा नियम : पाव तासात दहा मिलिमीटर, म्हणजे बाटलीत ३१४ मिलिलिटरच्या रेघेला पाणी लागलं, की नाल्याची वाट न पाहता खालची फळी उचलायची. दोनदा उपयोगी पडला. एकदा पाणी आलं, एकदा नाही.

८ जुलै

व्हॉट्सअ‍ॅपवर सराफ बाजारात होड्या चालल्याचा व्हिडिओ, खाली "आत्ताचं दृश्य". आई रडायला लागली. तो जुना निघाला. दुकानांच्या पाट्यांवरून मामांनीच ओळखला, त्यातलं एक दुकान बंद होऊन चार वर्षं झाली. घरात ठरलं, तारीख आणि वेळ नसलेला निरोप निरोपच नाही.

त्याच संध्याकाळी "दारणातून विसर्ग वाढवला" अशी बातमी आली आणि मी पुन्हा मामांना फोन लावला. ते हसले. दारणा गोदावरीला मिळते ती शहराच्या खाली, निफाडच्या बाजूला. ते पाणी नांदूरमधमेश्वरकडे जातं, तिथून पुढे जायकवाडीकडे. रामकुंडावर त्याने बोटभरही फरक पडत नाही. आपल्याला बघायचं ते गंगापूर, आणि त्याच्या वरची काश्यपी, गौतमी गोदावरी. पुठ्ठ्यावर लिहिलं : दारणा, दुर्लक्ष.

१९ जुलै

बंदोबस्तात नवं भोक सापडलं. आमच्या कारखान्यात मोबाइल आत नेता येत नाही, लॉकरमध्ये ठेवावा लागतो. म्हणजे दुसऱ्या पाळीत मी आठ तास बहिराच. सुपरवायझरला विचारून गेटवरच्या सिक्युरिटी केबिनचा नंबर मामांना दिला. चाचणी म्हणून मामांनी फोन केला आणि नुसतं "पाऊस आहे" म्हणाले. गार्डने तो निरोप पाळी सुटल्यावर दिला. बरोबरच आहे, पावसाळ्यात पाऊस आहे हा काय निरोप? आता शब्द ठरवलाय, "फळी". फळी म्हटलं की लगेच.

४ ऑगस्ट

त्र्यंबककडे दोन दिवस झोड. गंगापूर गावात एक मित्र राहतो, दूध घालायला रोज धरणाच्या बाजूने येतो. त्याचा फोन सकाळी १० वाजून ४० मिनिटांनी, विसर्ग वाढवतायत. प्रशासनाचा निरोपही थोड्या वेळाने आला, टप्प्याटप्प्याने वाढवणार म्हणून. आकडे क्युसेकमध्ये असतात. आईला समजावं म्हणून सांगितलं, हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला २८,३०० लिटर, दहा हजारी टँकर दर सेकंदाला जवळजवळ तीन. त्यावर तिने देवापुढे दिवा लावला. समजावायला नको होतं.

कामावरचा मुलगा सायकलवर गंगेवर जाऊन दुतोंड्या मारुती, म्हणजे नदीपात्रातली मारुतीची उंच मूर्ती, पाहून आला. नाशिककराला पूर क्युसेकमध्ये कळतच नाही, मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, असाच कळतो. मामांनी पुठ्ठ्यावर मारुतीचा माणूसभर आकार काढून त्यावरच रेघा मारल्यात : गुडघा म्हणजे खालची फळी, कंबर म्हणजे तिन्ही, छाती म्हणजे शटर ओढून आमच्याकडे पवननगरला. छातीच्या वर त्यांनी नुसतं '२००८' लिहिलंय. त्या सप्टेंबरच्या पुराची खूण दुकानाच्या आतल्या भिंतीवर अजून आहे.

साडेअकराला पावलं बुडाली होती. दीडला गुडघा. खालची फळी वर. चारच्या सुमाराला पाणी मांड्यांपर्यंत येऊन थांबलं आणि रात्री उतरलं. गल्लीत नदी आलीच नाही.

मित्राचा फोन ते गुडघा, दोन तास पन्नास मिनिटं. पाऊण तासाच्या चौपटीच्या आसपास. पण हा एकाच दिवसाचा आकडा आहे, धरणातून किती सोडतात आणि मधल्या नाल्यांना किती पाणी आहे यावर तो बदलणार. मी पुठ्ठ्यावर 'दोन तास' लिहिलं.

५ ऑगस्ट

मामा माल खाली आणायला तयार नाहीत. "श्रावण संपेपर्यंत राहू दे वरच." खालच्या फळीवर आता पितळी समया आणि घंटा. भिजल्या तर पुसून विकता येतात. एवढी साधी गोष्ट मेमध्ये कुणाच्याच डोक्यात आली नाही.

१७ ऑगस्ट

पोरीने हिशेब काढला. वाया गेलेल्या पहिल्या रेडिओसकट आणि सेल धरून २,६४० रुपये. दहीपुलाला मारलेल्या फेऱ्यांचं पेट्रोल वेगळं, ते बायकोला सांगितलेलं नाही. १२ जूनचा माल २,३००. मागच्या वर्षीचे साडेनऊ हजार.

१०७७ हा जिल्हा नियंत्रण कक्षाचा आणि ११२ हा आणीबाणीचा क्रमांक मोठ्या अक्षरांत जिन्यात चिकटवले. मामांना चष्म्याशिवाय वाचता येतात का ते पाहिलं. पहिला कागद वाचता आला नाही, दुसरा आला.

७ सप्टेंबर

पहाटे ३ वाजून १० मिनिटांनी पायरीवरचा अलार्म वाजला. खराच. मामा उठले, खाली बॅटरी मारून पाहिलं, पायरीवर वीतभर पाणी, नाल्याचं. खाली समयाच होत्या. त्यांनी पेटी बंद केली आणि झोपले. मला फोन सकाळी सातला आला, मागच्या वर्षीसारखाच.

दुपारी जाऊन मगातला गाळ काढला, तारा घासल्या, ९ व्होल्टचा सेल बदलला. नव्या सेलवर मामांनी पेनने आजची तारीख घातली आहे.